कुसुमाग्रज, शिरवाडकर आणि एक क्रमांक: ग्रंथालयातल्या लेखक-ओळखीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठी पुस्तकांचं कॅटलॉगिंग करताना माझा निम्मा वेळ पुस्तकात नाही, तर लेखकाच्या नावात जातो. वाचनालयांत काम करणारे, ग्रंथालयशास्त्र शिकणारे आणि नुसते पुस्तकवेडेही मला याबद्दल तेच ते प्रश्न विचारतात. ते प्रश्न आणि माझी उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

कपाटात पुस्तक सापडतं ना? मग लेखकाच्या नावाचा एवढा खल कशाला?

राम गणेश गडकरी घ्या. नाटकांवर त्यांचं खरं नाव, कवितांवर गोविंदाग्रज, विनोदी लेखांवर बाळकराम. आयुष्य १८८५ ते १९१९, जेमतेम तेहतीस वर्षांचं, आणि तेवढ्यात तीन नावं. त्यात आमच्यापैकी कुणी ‘गडकरी, राम गणेश’ टाइप करतं, कुणी ‘गडकरी, रा. ग.’, कुणी ‘रा.ग. गडकरी’ मधली जागा न सोडता. कॉम्प्युटरच्या लेखी हे सगळे वेगवेगळे लेखक. वाचक ‘गोविंदाग्रज’ शोधतो, त्याला कवितांचं एखादं पुस्तक मिळतं आणि याच माणसाची नाटकं त्याच इमारतीत आहेत हे त्याला कळतच नाही. पुस्तक कपाटात असूनही वाचकापुरतं ते नसतंच.

ऑथॉरिटी रेकॉर्ड म्हणजे नेमकं काय?

जुन्या लाकडी खणांत ‘गोविंदाग्रज: पाहा गडकरी, राम गणेश’ असं कार्ड असायचं. त्याचंच हे आजचं रूप. लेखकासाठी पुस्तकांपासून वेगळी एक नोंद करायची. तिच्यात एक नाव मुख्य ठरवायचं, बाकीची रूपं ‘पाहा’ म्हणून लिहायची आणि ही माहिती कुठून घेतली तेही लिहायचं. मार्क २१ या जगभर वापरल्या जाणाऱ्या साच्यात मुख्य नाव १०० क्रमांकाच्या रकान्यात जातं, इतर रूपं ४०० मध्ये आणि पुरावा ६७० मध्ये.

६७० हा रकाना मला सगळ्यात मोलाचा वाटतो. कोणत्या पुस्तकाच्या कोणत्या पानावर हे नाव असं छापलं आहे, ते तिथे लिहिलेलं असतं. वीस वर्षांनी कुणाला शंका आली तर तो त्या पानापर्यंत जाऊ शकतो. घाईत हा रकाना रिकामा ठेवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, तसं करू नका.

मग हल्ली ‘आयडेंटिटी मॅनेजमेंट’ असं वेगळं नाव का घेतात?

कारण कामाचं केंद्र सरकलं आहे. ऑथॉरिटीच्या जुन्या पद्धतीत सगळा भर अक्षरांवर होता. एकच रूप ठरवा, सगळीकडे तेच लिहा, दोन लेखक सारख्या नावाचे निघाले तर जन्मवर्ष जोडून वेगळे करा. आता भर माणसावर आहे. माणसाला एक क्रमांक द्यायचा, नावं हवी तेवढी असू द्यायची, कुठल्याही भाषेत, कुठल्याही लिपीत. पुण्याच्या वाचनालयाने ‘कुसुमाग्रज’ दाखवावं, बर्लिनच्या ग्रंथालयाने रोमन रूप दाखवावं, पण क्रमांक एकच असल्यामुळे दोघांना ठाऊक असतं की माणूस तोच आहे. कुणी कुणाचं नाव बदलायला लावत नाही. आपल्यासारख्या भाषांसाठी हा फार मोठा दिलासा आहे.

लिंक्ड डेटा म्हणजे काय, तांत्रिक शब्द न वापरता सांगाल का?

प्रयत्न करते. ‘वि. वा. शिरवाडकर यांचं टोपणनाव कुसुमाग्रज’ हे एक वाक्य. त्यात कर्ता आहे, संबंध आहे आणि त्या संबंधाचं दुसरं टोक आहे. लिंक्ड डेटात माहिती अशाच छोट्या तीन-तुकडी वाक्यांत ठेवतात. फरक एवढाच की शिरवाडकर या शब्दाऐवजी त्यांचा वेबवरचा पत्ता असतो आणि ‘टोपणनाव’ या संबंधालाही स्वतःचा पत्ता असतो. पत्ता उघडला की पुढची माहिती मिळते, तिच्यात आणखी पत्ते असतात. टिम बर्नर्स-ली यांनी २००६ मध्ये याचे चार साधे नियम मांडले. गोष्टींना वेबवरचे पत्ते द्या, ते उघडता येतील असे ठेवा, उघडल्यावर उपयोगाची माहिती द्या, आणि त्या माहितीतून इतरांच्या पत्त्यांकडे वाटा काढा. शेवटचा नियम ग्रंथपालांना नवा नाही. ‘हेही पाहा’ आपण कधीपासून लिहीत आलो आहोत.

व्हीआफ, आयएसएनआय, ऑर्किड, विकिडेटा... एवढे क्रमांक कशाला? एकच का नाही?

प्रत्येकाचा जन्म वेगळ्या गरजेतून झाला.

व्हीआफ म्हणजे व्हर्च्युअल इंटरनॅशनल ऑथॉरिटी फाइल. अमेरिकेची लायब्ररी ऑफ काँग्रेस, जर्मनीचं राष्ट्रीय ग्रंथालय आणि ओसीएलसी ही ग्रंथालयांची सहकारी संस्था यांनी २००३ मध्ये हा प्रकल्प सुरू केला, २००७ मध्ये फ्रान्सचं राष्ट्रीय ग्रंथालय त्यात आलं. ते नवीन नोंदी लिहीत नाही. निरनिराळ्या देशांच्या फायलींतल्या एकाच माणसाच्या नोंदी यंत्राने जुळवून त्यांचा गठ्ठा बांधतं आणि त्या गठ्ठ्याला क्रमांक देतं.

आयएसएनआय हे २०१२ चं आयएसओ २७७२९ मानक. लेखक, गायक, प्रकाशन संस्था, सगळ्यांसाठी सोळा स्थानांचा क्रमांक.

ऑर्किडही २०१२ चंच, संशोधकांसाठी, आणि त्याचं वैशिष्ट्य असं की संशोधक तो क्रमांक स्वतः घेतो आणि स्वतः सांभाळतो. ऑर्किडचे आकडे आयएसएनआयच्या मालिकेतून राखून ठेवलेल्या एका पट्ट्यातले आहेत, म्हणून दोन्हींची घडण सारखी दिसते. शेवटचं स्थान तपासणीचं असतं. ऑर्किड नमुन्यासाठी वापरतं तो ००००-०००२-१८२५-००९७ हा क्रमांक जोसाया कार्बेरी या काल्पनिक प्राध्यापकाचा आहे. त्यातले पहिले पंधरा अंक क्रमाने घ्या, प्रत्येक वेळी आधीच्या बेरजेत पुढचा अंक मिळवून दुप्पट करा. शेवटी १३१४ येतात. त्याला ११ ने भागलं की बाकी ५ उरते, १२ मधून ५ गेले ७, आणि क्रमांकाचा शेवटचा अंक ७ आहे. १० आले तर तिथे ‘एक्स’ लिहितात. टाइप करताना एक अंक चुकला तरी यंत्र अडवतं ते या हिशेबामुळे.

विकिडेटा हा विकिपीडियाचा भावंड असलेला खुला माहितीसाठा, २०१२ च्या ऑक्टोबरात सुरू झाला. तिथे क्यू अक्षर आणि पुढे आकडा असा पत्ता असतो आणि कोणालाही नोंद करता येते. त्याचं मोठं काम म्हणजे बाकीचे सगळे क्रमांक एका पानावर आणणं. व्हीआफसाठी तिथे पी२१४ हा गुणधर्म आहे, आयएसएनआयसाठी पी२१३, लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी पी२४४, ऑर्किडसाठी पी४९६. कितीही क्रमांक असोत, ते एकमेकांना बांधलेले असले की पुरतं.

आरती प्रभू आणि चिं. त्र्यं. खानोलकर: एक नोंद करायची की दोन?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारतात, आणि तो अवघड आहे.

खानोलकरांनी (१९३० ते १९७६) कविता आरती प्रभू या नावाने लिहिल्या, कादंबऱ्या आणि नाटकं स्वतःच्या नावाने. ही सरमिसळ नव्हती, ठरवून केलेली विभागणी होती. आज बहुतेक मोठी ग्रंथालयं ज्या आरडीए नियमांनी चालतात, त्यांच्या मते लेखकाने टोपणनावाने वेगळी वाङ्मयीन ओळख घेतली असेल तर तिला वेगळी नोंद द्यायची आणि दोन नोंदी ‘हेही पाहा’ म्हणून ५०० क्रमांकाच्या रकान्याने जोडायच्या. म्हणजे कवी आरती प्रभू एक, कादंबरीकार खानोलकर दुसरे. कुसुमाग्रज आणि वि. वा. शिरवाडकर यांचंही तसंच.

विकिडेटात मात्र साधारणपणे एका माणसाला एक पान मिळतं. टोपणनाव त्या पानावर पी७४२ या गुणधर्माखाली जातं. आता ग्रंथालयाच्या फायलीतून दोन क्रमांक येतात आणि विकिडेटाच्या एकाच पानावर बसवावे लागतात. तसं केलं की तिथलं यंत्र इशारा देतं: इथे एकच क्रमांक अपेक्षित आहे. नवखा माणूस हा इशारा पाहून घाबरतो आणि एक क्रमांक काढून टाकतो. कृपया काढू नका. दोन्ही क्रमांक बरोबर आहेत, दोन व्यवस्था वेगळ्या गोष्टी मोजत आहेत. एक व्यवस्था विचारते ‘हे पुस्तक कोणत्या नावाने वाचकांसमोर आलं?’, दुसरी विचारते ‘जन्मलं कोण?’

मला स्वतःला आरडीएची बाजू पटते. ‘आरती प्रभू’ या नावामागे एक स्वतंत्र आवाज होता आणि तो कवीने स्वतः निवडला होता. कॅटलॉगने तो पुसू नये. पण वाचकाला एका क्लिकवर दुसऱ्या नावापर्यंत पोचता आलंच पाहिजे, यावर तडजोड नको.

दोन बहिणाबाईंचं काय?

तुकारामांच्या शिष्या संत बहिणाबाई सतराव्या शतकातल्या. खानदेशातल्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरी १८८० ते १९५१ मधल्या. दोघींच्या कवितांवर फक्त ‘बहिणाबाई’ असं नाव छापलेली पुस्तकं आहेत. एकदा एका विद्यार्थिनीने ‘बहिणाबाईंच्या ओव्या’ मागितल्या, कॅटलॉगने संत बहिणाबाईंचे अभंग दाखवले आणि ती तेच घेऊन घरी गेली. दुसऱ्या दिवशी परत आली तेव्हा म्हणाली, “ताई, यात अहिराणीसारखं काहीच नाही हो.”

अशा जोडीसाठी विकिडेटात पी१८८९ हा गुणधर्म आहे, अर्थ ‘यापेक्षा वेगळी’. दोन्ही पानांवर तो टाकून ठेवला की उद्या कुणी उत्साहाने त्यांना एकत्र करायला निघालं तर थबकतं. दोन नोंदी जोडून देण्याइतकंच त्या जोडू नका असं लिहून ठेवणंही आपलं काम आहे.

आणि नामदेवांचे अभंग नेमके कोणत्या नामदेवांचे?

याचं उत्तर क्रमांक देऊ शकत नाही. संत नामदेव १२७० ते १३५० मधले मानतात, विष्णुदास नामा एकनाथांच्या काळातला. ‘नामा म्हणे’ ही नाममुद्रा असलेल्या रचनांपैकी कोणती कोणाची, यावर अभ्यासक फार काळ वाद घालत आले आहेत. गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदं आहेत, त्यामुळे त्यांचं नाव गुरुमुखीत आणि पंजाबी, हिंदी रूपांतही येतं.

इथे दोन व्यक्तींना दोन क्रमांक द्यायचे, एवढं नक्की. पण एखाद्या गाथेच्या नोंदीत ‘लेखक’ असं छातीठोक न लिहिता ‘परंपरेने कर्तृत्व मानलेले’ हे नातं निवडता येतं. मार्कमध्ये त्यासाठी वेगळा संकेत आहे. वाद चालू असेल तर नोंदीतही तो चालू दिसला पाहिजे.

परदेशी फायलींत आपली नावं अशी विचित्र का दिसतात?

लायब्ररी ऑफ काँग्रेसने १९६२ मध्ये दिल्लीत कार्यालय उघडलं आणि पीएल-४८० या, अमेरिकी धान्याच्या विक्रीतून जमलेल्या रुपयांवर चालणाऱ्या कार्यक्रमातून मराठीसह भारतीय भाषांतली पुस्तकं अमेरिकी ग्रंथालयांत जाऊ लागली. त्यांच्या नोंदी रोमन लिपीत झाल्या, आणि लिप्यंतराच्या तक्त्याचा नियम असा की व्यंजनातला ‘अ’ न गाळता लिहायचा. आपण ‘शिरवाडकर’ म्हणताना ‘र’ आणि ‘ड’ चा अ खातो, शेवटचाही खातो. तक्ता मात्र प्रत्येक ‘अ’ लिहितो, त्यामुळे रोमनमध्ये ते ‘शिरावाडाकरा’ असं वाचलं जातं. नियम चुकीचा नाही, तो अक्षराला अक्षर ठेवतो. पण मराठी माणूस स्वतःचं आडनाव तसं कधीच टाइप करणार नाही.

२००८ मध्ये तिथल्या नामसूचीत रोमनेतर लिपीतली रूपं ‘पाहा’ म्हणून टाकायची मुभा मिळाली. अरबी, चिनी, सिरिलिक, ग्रीक, हिब्रू, जपानी, कोरियन अशा लिप्यांना. त्या पहिल्या यादीत देवनागरी नव्हती. मला ही गोष्ट अजून टोचते. विकिडेटात मात्र सुरुवातीपासून प्रत्येक भाषेचं नाव वेगळ्या ओळीत ठेवता येतं. बा. भ. बोरकरांच्या पानावर मराठी नाव, कोंकणी नाव आणि ‘बाकीबाब’ हे प्रेमाचं नावही शेजारी शेजारी राहू शकतं.

हे ‘सहकार्याने’ चालतं म्हणजे कोण कोण करतं?

लायब्ररी ऑफ काँग्रेसची नामसूची एक कोटीहून मोठी आहे आणि ती एकट्या त्या ग्रंथालयाने भरलेली नाही. नॅको या सहकारी कार्यक्रमातली ग्रंथालयं प्रशिक्षण घेऊन, एकाच नियमाने, त्याच फायलीत नोंदी करतात. जर्मन भाषक देशांत जीएनडी ही सामाईक फाइल आहे, २०१२ मध्ये व्यक्ती, संस्था आणि विषय यांच्या वेगवेगळ्या फायली एकत्र करून ती उभी राहिली. नॅको चालवणाऱ्या पीसीसी या संघाने पुढे आयएसएनआय वापरून पाहिलं आणि २०२० मध्ये विकिडेटावर पथदर्शी प्रकल्प सुरू केला. प्रश्न हा होता की प्रशिक्षित मोजक्यांपुरतं असलेलं काम जास्त हातांत देता येईल का.

कोणीही बदलू शकतो, तर विकिडेटावर विश्वास कसा ठेवायचा?

पुराव्याने. प्रत्येक विधानाखाली स्रोत जोडता येतो, प्रत्येक बदलाचा इतिहास राहतो, चूक उलटवता येते. आपल्या ६७० रकान्याचंच हे भावंड आहे. ज्या विधानाखाली स्रोत नाही त्यावर मीही विसंबत नाही.

आमच्याकडे कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर आहे. काय करायचं?

कोहात ऑथॉरिटीचं दालन तयारच असतं, फक्त बऱ्याच ठिकाणी ते कुणी उघडलेलं नसतं. लेखकाची ऑथॉरिटी नोंद करा आणि तिच्या ०२४ रकान्यात बाहेरचे क्रमांक टाका, सोबत तो कोणत्या व्यवस्थेचा ते लिहा. पुस्तकाच्या नोंदीत लेखकाच्या रकान्याला दोन उपरकाने मिळतात. ‘शून्य’ मध्ये ऑथॉरिटी नोंदीचा क्रमांक किंवा पत्ता, ‘एक’ मध्ये प्रत्यक्ष माणसाचा पत्ता, उदाहरणार्थ विकिडेटाचा. कार्ड वेगळं, माणूस वेगळा, हा भेद इथे पाळायचा. सगळ्या लेखकांपासून सुरुवात करू नका. तुमच्या तालुक्यातले, तुमच्या गावातले लेखक आधी घ्या, त्यांची माहिती दुसऱ्या कुणाकडे नाही.

दोन नोंदी चुकून एकत्र झाल्या तर?

माझ्या हातून झालं आहे. बाहेरून आयात केलेल्या एका नोंदीत नुसतं ‘देशपांडे, पुरुषोत्तम’ होतं. मी ती पु. ल. देशपांड्यांच्या नोंदीत मिळवली. ती पुस्तकं होती पु. य. देशपांड्यांची, कादंबरीकार आणि तत्त्वचिंतक. एकत्र करायला मला दोन क्लिक लागले. वेगळं करायला प्रत्येक पुस्तक कपाटातून काढून शीर्षकपान पाहावं लागलं, कारण जोडताना आधीची नावं पुसली गेली होती. विकिडेटात एकत्र केलेलं पान वळणवाट म्हणून मागे राहतं आणि इतिहास शाबूत असतो, तिथे परतणं सोपं जातं. व्हीआफचे गठ्ठे यंत्र बांधतं, त्यामुळे जन्मवर्ष नसलेल्या नावांत तिथेही गफलत होते. ती सुधारायची तर मूळ नोंदीतच जन्मवर्ष, पुस्तकांची नावं असा तपशील घालावा लागतो.

जिवंत लेखकाचं खरं नाव, जन्मतारीख नोंदवावी का?

लेखकाने स्वतः छापलं असेल तेवढंच. विभावरी शिरूरकर हे नाव १९३३ मध्ये आलं तेव्हा त्यामागे कोण आहे हे दडवण्याला सबळ कारण होतं. बाईने एवढं उघड लिहिलं म्हणून काहूर माजलं होतं. आज बाळूताई खरे, मालतीबाई बेडेकर आणि विभावरी शिरूरकर एकच हे सर्वांना माहीत आहे आणि तिन्ही नावं जोडायला हरकत नाही. पण तेव्हा एखाद्या कॅटलॉगरने कार्डावर ‘पाहा’ लिहिलं असतं तर? आजही टोपणनावाने लिहिणाऱ्या बायका आहेत, नाव बदललेली माणसं आहेत. पीसीसीच्या कार्यगटाने २०२२ मध्ये व्यक्तींच्या नोंदीत लिंग नोंदवू नये अशी शिफारस केली, तीही याच जाणिवेतून. नोंद जितकी जोडलेली, तितकी चुकीची किंवा नकोशी माहिती दूर पसरते.

एवढा वेळ कुणाकडे आहे?

शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ मधल्या मराठी पुस्तकांची सूची केली, मग १९३८ ते १९५० ची. कॉम्प्युटर नव्हता, फोटोकॉपी नव्हती. त्यांच्या सूचीचे खंड माझ्या टेबलावर रोज उघडे असतात आणि नाव अडलं की मी आधी तिथे बघते. आपल्याला एका लेखकाला लागतात पंधरा-वीस मिनिटं.

लेखकाचं खरं नाव सापडलंच नाही तर?

तर छापलेलं नाव हीच ओळख. सध्या माझ्यासमोर एक पातळ पुस्तक आहे, शीर्षकपानावर लेखक म्हणून फक्त ‘एक शिक्षक’. प्रस्तावनेखाली सही नाही, गावाचं नाव नाही, मुद्रकाचं तेवढं आहे. मी ‘एक शिक्षक’ या नावाने नोंद केली. नाव सामान्य आहे, म्हणून ओळखीसाठी पुस्तकाचं शीर्षक जोडलं. ६७० मध्ये शीर्षकपान आणि मुद्रकाचं नाव लिहिलं. जन्मवर्षाचा रकाना रिकामा आहे. उद्या कुणाच्या घरच्या कागदांत हे शिक्षक कोण ते निघालं, तर ४०० मध्ये एक ओळ वाढेल, क्रमांक हाच राहील.